तसं नाही ते

2020 च्या टाळेबंदीत मुलगी पुण्याहून घरी आली होती. एप्रिलचा महिना, उकाड्यानं जीव नकोसा झालेला, रात्रीची जेवणं अंगणात चाललेली. कळण्याची भाकरी, ठेचा, वर थोडे भाजलेले शेंगदाणे. माझ्या लक्षात आलं की पोरगी शेंगदाणे खात नाहीये. ताटाच्या कडेला एकेक दाणा ओळीत लावत चाललीय.

"खात का नाहीस?"

"मोजतेय."

"काय?"

"तुम्ही 'तसं नाही ते' किती वेळा म्हणता ते. सतरा झाले."

"तसं नाही ते," मी म्हणालो, "मी फक्त..."

तिनं अठरावा दाणा शांतपणे ओळीला लावला. बायकोला ठसका लागला. ठेच्याचा नव्हता, हसण्याचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अठरा वेळा म्हणालो याचं दुःख नव्हतं. जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं, त्यात अठरा वेळा कसं शक्य आहे, तिनं मोजण्यात चूक केली असणार, याच विचारात मी बराच वेळ पंख्याकडे बघत होतो.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. जोडीला वडिलोपार्जित शेती, तीही बघायचो. मास्तरकीनं पोट भरलं, पण तिचा एक संसर्ग होतो. दिवसाचे पाच-सहा तास समोरचे साठ जण तुम्ही बोलाल ते वहीत उतरवून घेतात. मग घरी आल्यावर आपलं बोलणं कोणी उतरवून घेत नाही याचाच राग यायला लागतो. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. वर्ग गेला, फळा गेला, खडू तेवढा हातात राहिला. त्यानं कुणाच्याही बोलण्यावर काट मारायची.

माझी बाजूही सांगतो, कारण माझं म्हणणं बरेचदा बरोबर असतं. (मुलगी हे वाचेल तेव्हा एक दाणा बाजूला काढेल.) पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की कौतुकानं म्हणतात, "तुमच्याकडे सगळे अहिराणी बोलतात ना?" तसं नाही ते. अहिराणी धुळ्याकडची, अमळनेर-चाळीसगावकडची. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात घरोघर लेवा गणबोली. तिकडे 'मन्हं', 'तुन्हं', 'शे' म्हणतात. आम्ही केळीला 'केयी' म्हणतो आणि डोळ्याला 'डोया'. हे सांगताना मी जरा लांबतो हे खरं, पण चूक काय सांगतो? पाहुणा मात्र एवढ्यात मोबाइल काढून बसलेला असतो.

किंवा खानदेश हे नाव घ्या. आमच्या गावातल्या मारुतीच्या पारावर या एका नावावर आजवर जितके संध्याकाळचे तास गेले, तितक्यात एखादी विहीर खोदून झाली असती. एकजण म्हणतो, हा कान्हदेश, कृष्णाचा. दुसरा म्हणतो, फारुकी सुलतानांच्या 'खान' या किताबावरून पडलं. मी खानवाला. 1382 पासून फारुक्यांची सत्ता, पुढे बुऱ्हाणपूर राजधानी, सगळ्या तारखा मला पाठ. कान्हदेशवाला माझा लहानपणापासूनचा सोबती आहे. त्याला एकही तारीख येत नाही आणि त्याचं त्यानं काही अडत नाही. अकबरानं 1601 मध्ये असीरगड घेतला आणि मुलगा दानियाल याच्या नावावरून या मुलखाचं नाव 'दानदेश' करून टाकलं. बादशहाचा हुकूम तो! पण लोकांनी काही तो मनावर घेतला नाही, दानदेश कागदावर राहिला आणि तोंडात खानदेशच. ही गोष्ट मी पारावर सांगतो ती माझा मुद्दा पटवायला. अकबराला जे जमलं नाही ते मी रोज संध्याकाळी सात ते नऊ करायला बघतोय, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली.

याच सोबत्याशी मी एक अख्खा हिवाळा बोललो नव्हतो. कारण भरीत.

ज्यांना भरीत म्हणजे गॅसवर भाजलेलं काळं वांगं आणि वरून दही एवढंच माहीत आहे, त्यांना हे भांडण कळायचं नाही. आमच्याकडे थंडी पडली की शेतात भरिताच्या पार्ट्या. बामणोदकडची मोठाली, फिकट हिरवी वांगी, एकेक वांगं तान्ह्या पोरासारखं हातावर घ्यावं लागतं. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची, साल काढून गर लाकडाच्या बडजीत ठेचायचा. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. वाद एवढाच, की काड्या कपाशीच्या की तुरीच्या. मी तुरीच्या पक्षाचा. तुराट्यांचा जाळ एकसारखा लागतो आणि वांग्याला त्याची चव उतरते, असं मी छातीठोक सांगत आलोय. एका पार्टीत पहिला घास घेतला आणि म्हणालो, "बघा, याला म्हणतात तुराट्यांवरचं भरीत." सोबती काही बोलला नाही. उठला, मला हाताला धरून चुलवणापाशी घेऊन गेला आणि कपाशीच्या काड्यांची अर्धवट जळलेली मोळी दाखवली.

आता माणसानं हसून सोडून द्यावं की नाही? मी म्हणालो, "मग वांगीच उत्तम होती म्हणायची." सगळे हसले. मला ते हसणं लागलं, आणि मी संक्रांतीपर्यंत पारावर गेलो नाही. पडलं तरी नाक वर, ते असं.

पण ही सगळी फुटकळ भांडणं. कपाशीच्या काडीनं कुणाचं नुकसान होत नाही. माझ्या हेक्याचं मूळ मला वेगळीकडे सापडतं, आणि ते जरा गैरसोयीच्या जागी आहे. ते माझ्या चुकीत नाही. मी एकदा बरोबर ठरलो होतो, त्यात आहे.

1992 ची गोष्ट. जळगावात तेव्हा ठिबक सिंचनाचं नुकतंच वारं सुटलं होतं. आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, मी म्हणालो, केळीला ठिबक करू. विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात हातभर खाली चाललं होतं. पाटानं पाणी देताना निम्मं पाणी पाटच पिऊन टाकायचा. आप्पा बाजेवर बसून पायाची बोटं मोजल्यासारखं करत म्हणाले, "आरे, थेंबाथेंबानं केयीची तहान भागते का रे? ते काय चिमनीचं पिल्लू हाये?" गावही त्यांच्याच बाजूनं. केळ म्हणजे पाण्यात उभं राहणारं पीक, तिला सलाइन लावून कसं चालेल! मी आकडेमोड केली, कागद दाखवले, आवाज चढवला. तीन दिवस घरात बोलणं बंद. शेवटी आप्पांनी निम्मं शेत माझ्या हवाली केलं. "तुह्या हातानं वाळव," म्हणाले.

ती केळी वाळली नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला आणि पाटावरच्या बागेची पानं दुपारी गळ्यात गळा घालून लोंबायला लागली, तेव्हा माझ्या ठिबकवरची बाग उभी होती. घड भरले. लोक बघायला आले. मी त्यांना शेतात फिरवायचो, बांधावर उभा राहून व्याख्यान द्यायचो.

त्या विजयावर मी पुढची अठ्ठावीस वर्षं जगलो. घरात कुठलाही विषय निघो, भाचीचं लग्न असो, घराचा रंग असो, फ्रीज कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा असो, माझा शेवटचा पत्ता एकच: "ठिबकच्या वेळीही सगळे असंच म्हणत होते." समोरचा गप्प. अहो, एकदा खरं ठरलेला माणूस फार वाईट. दहादा चुकलेल्याला निदान जरा बिचकायला होतं.

आणि आप्पांचं काय झालं? ते कधी "तुझं बरोबर होतं" म्हणाले नाहीत. मला त्याचा फार राग होता. पण दुसऱ्या वर्षी एका सकाळी शेतात गेलो तर आप्पा एका वाफ्याच्या कडेला मांडी घालून बसलेले. समोर पंच्याच्या तुकड्यावर पंधरा-वीस ड्रिपर काढून ठेवलेले. क्षारांनी ते चोंदायचे, थेंब यायचा बंद व्हायचा. आप्पा एकेक ड्रिपर उचलून तोंडाला लावत आणि जोरात फुंकत. फुर्र. मग डोळ्यापाशी धरून आरपार उजेड दिसतो का बघत आणि पुन्हा नळीत बसवत. मी पाठीमागे उभा होतो. त्यांना कळलं असणार, पण वळले नाहीत. मीही काही बोललो नाही. मनात मात्र म्हणालो, बघ, शेवटी आलास ना माझ्या रस्त्याला.

पाठीमागे उभं राहून एवढंच सुचलं मला. त्यांच्यासोबत बसून दोन ड्रिपर फुंकायचे सुचले नाहीत.

आता 2020 कडे येतो, आणि इथं मला जरा थांबत थांबत लिहावं लागणार आहे.

त्या जूनमध्ये सव्वादोन एकरात साडेतीन हजार खोडं लावली होती. टिशू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, एकेक पंधरा रुपयांच्या आसपास. जुलै चांगला गेला. ऑगस्टात झड लागली, दिवसच्या दिवस ढग आणि भुरभूर, ऊन नाहीच. मुलीचं काम घरूनच चालायचं, संध्याकाळी ती शेतात चक्कर मारायची. एक दिवस ती मोबाइलवर फोटो घेऊन आली. केळीच्या कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे, शिरांना धरून, तुटक तुटक.

"पप्पा, हा विषाणू आहे. सीएमव्ही. अकरा झाडं आहेत. उपटून जाळा म्हणतायत."

"कोण म्हणतायत?"

"कृषी विद्यापीठाचं पत्रक आहे."

मी फोटो बघितलाही नाही नीट. "मॅग्नेशियम कमी पडलंय. झडीत जमीन अन्न उचलत नाही. एक फवारा मारला की हिरवं होईल."

"याला कुकुंबर मोझॅक म्हणतात. विहिरीजवळ तुम्ही काकड्या लावल्यात, मिरची लावलीय, तीही काढा म्हणतायत."

"तसं नाही ते. काकडीचा रोग केळीला कसा होईल? तुझं कॉम्प्युटरचं कॉम्प्युटरला ठेव."

वास्तविक हा विषाणू काकडीवर, मिरचीवर, टोमॅटोवर, चवळीवर, कशावरही राहतो. मावा, म्हणजे रस शोषणारा बारीक किडा, तिथं बसतो, सोंड खुपसतो, काही सेकंदांत विषाणू घेतो आणि केळीवर येऊन बसतो. औषधानं मावा मरेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं, म्हणून नुसत्या फवारणीनं भागत नाही. एकदा झाड बाधित झालं की त्याला औषध नाही. झाडच काढावं लागतं.

हे मला नंतर कळलं असं मी लोकांना सांगतो. निम्मं खोटं आहे ते. माव्याचं नंतर कळलं. पण मॅग्नेशियमची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते, आणि हे पट्टे वरच्या नव्या पानांवर होते, हे मी स्वतः नववीला शिकवलंय. झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्याला देतं, फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. ते त्या संध्याकाळी मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं. मला वाटायचं हेकट माणूस अडाणी असतो. तसं नाही ते. त्याला बरंच माहीत असतं, फक्त त्यातलं काय साक्षीला बोलवायचं आणि कुणाला बाहेर बसवायचं, हे तोच ठरवतो.

मुलीनं वाद घातला नाही. घरातली जुनी लाल चादर फाडली, तिच्या चिंध्या केल्या आणि त्या अकरा झाडांना एकेक बांधून आली. वहीत लिहून ठेवलं: ओळ 3, खोड 22. ओळ 7, खोड 4. असं.

हिरव्यागार बागेत लाल चिंधी लांबूनच दिसते. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, "मास्तर, बागेत सीएमव्ही आला का?" गावात त्या आठवड्यात तीच चर्चा होती. मी म्हणालो, "छे! पोरीचा खेळ आहे." आणि संध्याकाळी, ती जेवायला बसलेली असताना, बॅटरी घेऊन शेतात गेलो आणि अकराच्या अकरा चिंध्या सोडल्या. ओल्या गाठी घट्ट बसलेल्या, नखांनी उकलाव्या लागल्या. वरून भुरभूर चालूच. साठ वर्षांचा माणूस, चिखलात गुडघे टेकून, चोरासारखा इकडेतिकडे बघत गाठी सोडतोय. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. मला मोठं बरं वाटलं. बाग पुन्हा स्वच्छ दिसायला लागली होती. चिंध्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या.

मॅग्नेशियम सल्फेटचा फवारा झाला. दहा दिवसांनी मुलगी बागेतून आली तेव्हा चिखलानं माखली होती. "एकशे चाळीस," एवढंच म्हणाली. चिंध्यांचं तिनं विचारलं नाही. बायकोनं सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशातून त्या निघाल्या, म्हणजे दोघींना माहीत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं काहीतरी बायको मोरीत पुटपुटली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. जेवताना म्हणालो, "ठिबकच्या वेळीही..."

"पप्पा," मुलगी म्हणाली, "ठिबकला अठ्ठावीस वर्षं झाली."

सप्टेंबर उजाडेपर्यंत पोंगे, म्हणजे गाभ्यातली गुंडाळलेली नवी पानं, सडायला लागले. नवं पान निघायचं तेच अरुंद, ताठ, फाटकं. आमच्या एकट्याचंच नव्हतं, रावेर-यावलमध्ये त्या साली किती जणांनी उभ्या बागा उपटल्या. मला तो मोठा आधार होता. सगळ्यांचंच गेलं म्हटल्यावर माझं माझ्यामुळे गेलं हे सिद्ध कोण करणार? पण शेजारच्या बांधाला माझ्याच सोबत्याची बाग होती, कान्हदेशवाल्याची. त्यानं पहिल्याच आठवड्यात चाळीस झाडं उपटली होती, बांधावरची भोपळ्याची वेल काढली होती, रोज सकाळी ओळी तपासायचा. त्याची दोन-अडीचशे गेली. माझी एकोणीसशे.

उपटायला मजूर लावले, मीही लागलो. अडीच-तीन महिन्यांचं झाड हाताला सहज येतं, मुळाशी मातीचा गोळा घेऊन. पन्नास उपटले की हाताला केळीचा चीक बसतो, तो काळा पडतो आणि कपड्यावरचा तर आयुष्यभर जात नाही. तिसऱ्या दिवशी सोबती बांध ओलांडून आला. मला वाटलं, आता हा काड्यांची मोळी दाखवणार. तो वाकला आणि माझ्या शेजारच्या ओळीत उपटायला लागला. दुपारपर्यंत एक शब्द नाही. भाकरी खाताना म्हणाला, "फारुकी कधी आले म्हनला व्हता तू?"

"1382."

"हां," म्हणाला. "बराच येळ टिकले."

त्यानं मला टोमणा मारला की माझा मान राखला, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर तो काही सांगायचा नाही.

मुलगी परत पुण्याला गेली. जाताना ती वही ठेवून गेली. ओळ, खोड, तारीख, सगळं निळ्या शाईत. अकरावर काट मारलेली, एकशे चाळीसवर काट, मग पुढे आकडेच लिहिलेले नाहीत. मी तिला "तुझं बरोबर होतं" म्हणालो का? नाही. घशापर्यंत आलं होतं. तिला स्टँडवर सोडायला गेलो, गाडी लागेपर्यंत तास-दीड तास होता, आणि त्यात मी तिला पुणे-जळगाव मार्गावर कोणती गाडी चांगली यावरच बोलत होतो. गाडी सुटताना पिशवीभर शेंगदाणे खिडकीतून दिले. "मोजायला," म्हणालो. ती हसली. तेवढं झालं.

गेल्या पावसाळ्यात नवी बाग लावली. काकडी नाही, मिरची नाही, बांध साफ. मी रोज सकाळी ओळी तपासतो, चष्मा लावून, पानं उलटीसुलटी करून. चिंध्या बायकोनं धुऊन घडी घालून ठेवल्या होत्या, त्यातली एक खिशात असते. ऑगस्टात चौथ्या ओळीत एका झाडावर पिवळं दिसलं. मी चिंधी बांधली, वहीत लिहिलं, ओळ 4, खोड 9, आणि फोटो काढून मुलीला पाठवला. खाली लिहिलं, "सीएमव्ही. उपटतोय." मला वाटलं, तिला बरं वाटेल.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "पप्पा, खालची पानं आहेत ही. कडा हिरव्या आहेत, मधे पिवळं. हे मॅग्नेशियम आहे. उपटू नका."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खालची पानं होती. मग झाड उपटलं, बांधावर नेऊन टाकलं, हात धुतले आणि तिला लिहिलं, "तसं नाही ते."